डक्टमधले ताया अब्बू

खोटं बोलायचंच असेल तर माणसानं आपल्याला झेपेल एवढंच बोलावं. वजाहतसाहेबांना हे अडुसष्टाव्या वर्षी कळलं, आणि तेही रमजानात, पहिल्याच रोज्याला.

झालं असं की कॅनडाहून तहमीनाचा फोन आला. तहमीना म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. ती दर रविवारी फोन करायची आणि त्या फोनचा मजकूर इतका ठरलेला होता की दोघांपैकी एक जण झोपलेला असता तरी अडलं नसतं. "औषध घेतलंत, अब्बा?" "घेतलं." "जेवलात?" "जेवलो." "कराचीत उकडतंय?" "उकडतंय. तुमच्याकडे बर्फ?" "आहे." मग दोघंही थोडा वेळ गप्प. मग "बरं, ठेवू?" आणि दोघांची सुटका. फोन ठेवला की मात्र वजाहतसाहेबांना सांगण्यासारख्या दहा गोष्टी आठवायच्या, आणि त्या ऐकायला घरात कोणी नसायचं.

त्या दिवशी मात्र "ठेवू?"च्या जागी तहमीना म्हणाली, "अब्बा, ह्या वर्षीची रमजानची सिरीयल कशी आहे हो? अम्मी असताना रोज सांगायची मला."

सांगायची हे खरंच. रमजान लागला की हरेक चॅनेलवर एकेक हलकीफुलकी प्रेमकथा सुरू होते. एक भांडकुदळ मुलगी, एक आगाऊ मुलगा, दोघं एकमेकांची चुलत नाहीतर मावस भावंडं, घरात एक खमकी आजी, पातेलंभर गैरसमज आणि ईदच्या आदल्या रात्री, चाँदरातीला, समेट. शगुफ्ताबेगम, अल्ला त्यांना जन्नत देवो, रोज ती बघायच्या आणि मग मुलीला फोनवर हातवारे करून सांगायच्या. हातवारे फोनमधून दिसत नाहीत हे वजाहतसाहेबांनी त्यांना अनेकदा समजावलं होतं. स्वतः ते पेपर तोंडापुढे धरून म्हणायचे, "बेगम, ह्या बावळटपणासाठी अल्लानं रमजान दिलेला नाही." वजनमापे खात्यातून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झालेला माणूस. अख्ख्या शहराचे तराजू त्यांनी तपासलेले. सिरीयल बघणं त्यांच्या इभ्रतीला परवडणारं नव्हतं.

बेगम जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या गेल्यावर त्यांनी केबलची तारही कापून घेतली होती.

आणि तरीही ते म्हणाले, "बघतो की! रोज बघतो."

का म्हणाले? अहो, मुलगी बोलत होती. औषध-जेवण-बर्फ सोडून चौथ्या विषयावर ती पहिल्यांदाच बोलत होती. त्यांना वाटलं, "नाही" म्हटलं तर पुढचा शब्द "ठेवू?" हाच असणार.

"खरंच?" तहमीना एकदम खुलली. "मग मला सांगाल? इथे जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनमध्ये जातात. मला रोजा, मग मी आपली गाडीत जाऊन बसते. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे दहा. मी रोज फोन करत जाईन. चालेल?"

रोज! रविवारची मुलगी रोजची झाली. वजाहतसाहेब "चालेल" असं शक्य तितक्या थंडपणे म्हणाले आणि फोन ठेवून एकटेच स्वयंपाकघरात दोन चकरा मारून आले.

मग त्यांना टीव्ही आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते केबलवाल्या शब्बीरच्या दुकानी गेले.

"साहेब, तुम्हीच म्हणाला होतात, ही तार काप आणि परत ह्या जिन्यावर दिसू नकोस," शब्बीर म्हणाला. "मी दिसलो का? सांगा. दिसलो?"

"नाही दिसलास. आता दिस."

"ईदनंतर दिसतो."

सरकारी खुर्चीत तीस वर्षं बसलेल्या माणसाला कोणाची मनधरणी करायची सवय नसते. पण वजाहतसाहेबांनी केली. "बेटा" म्हणाले, "तू तर घरचा" म्हणाले, शेवटी "तुझी चाची तुला रमजानात शीरखुर्मा द्यायची" म्हणाले. शीरखुर्मा ईदला असतो, पण शब्बीरनं तेवढं सांभाळून घेतलं आणि तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकून मागोमाग आला.

जिन्यात समोरच्या फ्लॅटमधले हाजी करामत आडवे आले. पांढरीशुभ्र दाढी, हातात जपाची तसबीह, आणि जुना दम्याचा खोकला. इमारतीत कोणाचा पायजमा घोट्याखाली गेलाय इथपासून सगळं हाजीसाहेबांच्या नजरेखालून जायचं. तार बघून ते थबकले.

"वजाहतमियाँ, रमजानात टीव्ही?"

"मक्केचं थेट प्रक्षेपण बघावं म्हणतो," वजाहतसाहेबांच्या तोंडून निघून गेलं. एकदा खोट्याचं खातं उघडलं की पुढचं सोपं जातं.

हाजीसाहेबांचे डोळे पाणावले. "माशाअल्ला," ते म्हणाले आणि तासाभरात अख्ख्या इमारतीला कळलं की तिसऱ्या मजल्यावरचे वजाहतसाहेब बेगमच्या पश्चात अल्लाच्या वाटेला लागले. लोक जिन्यात त्यांना जास्त वाकून सलाम करायला लागले. वजाहतसाहेब इतके ओशाळले की भाजीला मागच्या दारानं जाऊ लागले.

टीव्ही लागला. सिरीयलचं नाव होतं 'दिल दहीबडा'. नऊ वाजता सुरू होणार म्हणून ते पावणेनऊलाच खुर्चीत बसले. नावं पडद्यावर आली, एक मुलगी गच्चीवरून एका मुलाच्या डोक्यावर पाण्याची बादली ओतताना दिसली, आणि वीज गेली. लोडशेडिंग. रोज नऊ ते दहा, चाँदरातीपर्यंत.

त्या दिवशी फोनवर त्यांनी फक्त बादली सांगितली. एकच बादली, पण तीस वर्षं तपासणीचे अहवाल लिहिलेला माणूस तो. बादलीचं माप, पाण्याची पातळी, मुलाची भिजलेली शेरवानी असं करत करत त्यांनी दहा मिनिटं काढली. तहमीना खळखळून हसली. मुलीचं हसू त्या घरात कधी शेवटचं ऐकू आलं होतं, हे त्यांना आठवेना. फोन ठेवल्यावर त्यांनी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, ही सिरीयल बघायचीच.

विजेच्या कचेरीत ते स्वतः गेले. खिडकीवरच्या कारकुनानं सांगितलं की लोडशेडिंगची वेळ बदलायला अर्ज तीन प्रतींत हवा, त्यावर भागातल्या रहिवाशांच्या सह्या हव्यात, आणि कारण लिहायला हवं.

"कारण घरगुती आहे," वजाहतसाहेब म्हणाले.

"घरगुती चालत नाही. आजारी माणूस आहे का घरात? मशीन लावलंय का त्याला?"

"माणूस आहे. आजारी नाही."

"मग तो काय करतो नऊ ते दहा?"

ह्याचं उत्तर सरकारदरबारी देण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात दुपारच्या नमाजची वेळ झाली, कारकून "आलोच" म्हणून उठला, आणि रमजानात दुपारच्या नमाजला उठलेला कारकून जिथे जातो तिथे गेला. वजाहतसाहेबांनी बाकावर बसून त्याची वाट पाहिली नाही. त्यांना ती जागा माहीत होती.

मग सल्ले सुरू झाले. मक्केच्या प्रक्षेपणासाठी बिचारे धडपडतायत म्हटल्यावर इमारतीतला प्रत्येक जण पुण्य कमवायला पुढे आला. तळमजल्याचा किराणावाला म्हणाला, जनरेटर घ्या. दुसऱ्या मजल्याचे म्हणाले, जनरेटर अजिबात नको, आवाजानं आमचं बाळ उठतं, यूपीएस घ्या. किराणावाल्याचा मेहुणा यूपीएस विकत होता, म्हणून तोही लगेच म्हणाला, यूपीएस घ्या. हाजी करामत म्हणाले, आमच्याकडेही तोच आहे, छान चालतो, आणि एकदम जीभ चावून गप्प झाले.

यूपीएस आला. मेहुण्यानं जोडला. नऊला वीज गेली, पंखा चालू राहिला, फ्रीज चालू राहिला, गेली दोन वर्षं बंद असलेली दारावरची घंटी आपोआप वाजायला लागली, आणि टीव्हीतून "टक्" असा आवाज येऊन मागून धूर निघाला. शगुफ्ताबेगमनी विणलेलं क्रोशाचं कव्हर वजाहतसाहेबांनी झडप घालून वाचवलं. टीव्ही गेला.

"वायरिंग जुनं आहे," मेहुणा म्हणाला. "आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

दहा वाजता फोन येणार होता. वजाहतसाहेब तोंड धुवायला न्हाणीघरात गेले, आणि तिथे, भिंतीत वर असलेल्या लहानशा झरोक्यातून, डक्टमधून, त्यांना स्वच्छ ऐकू आलं:

"मिन्हा, मी मरून जाईन, पण तुझ्याशी लग्नाला तयार होणार नाही!"

समोरच्यांच्या न्हाणीघराचा झरोका त्याच डक्टमध्ये उघडत होता आणि बिल्किस आपांची, म्हणजे हाजीसाहेबांच्या बेगमची, बैठक त्या न्हाणीघराला लागून होती. आपा आणि त्यांच्या दोन सुना सिरीयल बघत होत्या.

त्या दिवसापासून वजाहतसाहेब रोज नऊला प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभे राहून कान झरोक्याला लावायला लागले. आता तुम्ही म्हणाल, मग सरळ समोरच्या दारावर टकटक करायची की. आपा दर दोन दिवसांनी इफ्तारीचं ताट पाठवायच्याच. पकोडे, छोले, फ्रूट चाट. ताट रिकामं परत द्यायचं नसतं म्हणून वजाहतसाहेब त्यात बेकरीची बिस्किटं घालून परत करायचे. एवढं येणंजाणं होतं. पण आयुष्यभर सिरीयलींना नावं ठेवून आता बायकांच्या घोळक्यात 'दिल दहीबडा' बघायला बसायचं? त्यापेक्षा स्टूल बरं.

अडचण होती ती तरावीहची, रमजानातल्या रात्रीच्या जादा नमाजची. वीस रकातींची नमाज संपायला दहा वाजायचे. तेव्हा वजाहतसाहेबांनी मशिदीत दाराजवळची मागची जागा धरली आणि आठ रकाती झाल्या की गुडघ्याला हात लावून, चेहरा वेदनेनं वाकडा करून, चपला उचलायच्या. दुसऱ्याच दिवशी त्यांना दिसलं की दाराच्या दुसऱ्या बाजूला हाजी करामतही चपला उचलतायत. दोघांची नजरानजर झाली.

"गुडघा," वजाहतसाहेब म्हणाले.

"बी.पी.ची गोळी," हाजीसाहेब म्हणाले.

त्यानंतर दोघं रोज एकाच वेळी निघायचे, एकमेकांना न बघितल्यासारखं करून वेगवेगळ्या गल्ल्यांनी जायचे, आणि पुन्हा भेटले की आधी निघून जाणाऱ्या आजकालच्या तरुणांना दोघं मिळून नावं ठेवायचे.

डक्टमधून संवाद ऐकू यायचे, पण कोण बोलतंय ते दिसायचं नाही. त्यातून मध्येच सुना खिदळायच्या, मध्येच कोणी नळ सोडायचं. उरलेलं वजाहतसाहेबांना स्वतः भरावं लागायचं. आणि त्या आवाजांत एक आवाज असा होता की त्याचा त्यांना काही केल्या उलगडा होईना. एक म्हातारा खोकायचा. बोलायचा काही नाही. मुलगी रडायला लागली की खोकायचा, आजी चिडली की खोकायचा, आणि शहीर नावाचा तो आगाऊ मुलगा प्रेमाचं बोलायला लागला की तर फारच खोकायचा.

विचार करकरून वजाहतसाहेब अशा निष्कर्षाला आले की हे मुलीचे ताया अब्बू असणार. वडिलांचे थोरले भाऊ. घरात राहतात, सगळं ऐकतात, पण त्यांना कोणी काही विचारत नाही.

"ताया अब्बू?" तहमीना म्हणाली. "ते कुठे राहतात?"

"वरच्या खोलीत. एकटेच. खाली सगळा गोंधळ चाललेला असतो, आणि ते वरून ऐकतात."

"बिचारे! मग करतात काय दिवसभर?"

"काय करणार? पेपर वाचतात. आपल्यापुरती खिचडी करतात. रोज ठरवतात की आज कोथिंबीर घालायची, पण एकट्यासाठी जुडी कोण आणणार, म्हणून राहून जाते."

ही कोथिंबीर त्यांच्या तोंडून कुठून आली ते त्यांनाच कळलं नाही. पण तहमीनाला ताया अब्बू आवडले. शहीर-मिन्हाची भांडणं ती हं हं करत ऐकायची आणि मग विचारायची, "आणि ताया अब्बू?" मग वजाहतसाहेबांनी त्यांना दुखरा गुडघा दिला, सरकारी पेन्शन दिली, बेगम दोन वर्षांपूर्वी वारली असं सांगितलं. एकदा तर ताया अब्बूंनी रात्री जिन्यात बसून शहीरला असा काही उपदेश केला की तहमीना म्हणाली, "अब्बा, हे लिहितं कोण? फार छान लिहितात." वजाहतसाहेब त्या दिवशी तांबडेलाल झाले आणि झोपेपर्यंत तसेच होते.

आणि मग स्टूल मोडलं.

शेवटचे आठ-दहा रोजे उरले होते. आत काहीतरी निकाहाचं चाललं होतं, ताया अब्बू जिवाच्या आकांतानं खोकत होते, वजाहतसाहेबांनी टाचा उंचावल्या, आणि स्टुलाचा पाय सटकला. बादली, तांब्या, साबणदाणी आणि वजाहतसाहेब एकदम खाली आले. आवाज अर्थातच डक्टमधून समोर गेला. दोन मिनिटांत बिल्किस आपा, दोन्ही सुना आणि मागून हाजीसाहेब दारात हजर. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी खांदा लावून कडी तोडली.

"भाईजान, काय करत होतात हो वर चढून?" आपांनी विचारलं.

"झरोक्यात कबुतरानं घरटं केलंय का ते बघत होतो," पाठ चोळत वजाहतसाहेब म्हणाले.

"नऊ वाजता? अंधारात?"

"कबुतर तेव्हाच घरी असतं."

हाड मोडलं नव्हतं. इभ्रतीचं सांगता येत नाही. आपांनी त्यांना पलंगावर निजवून हळद-दूध आणवलं आणि तेवढ्यात फोन वाजला. वजाहतसाहेब हात पुढे करेपर्यंत आपांनी तो उचलला. "अगं तहमीना! हो गं, मीच... नाही नाही, घाबरू नकोस, जरासे पडलेत... न्हाणीघरात..." आणि बोलत बोलत त्या बाहेर गॅलरीत गेल्या. बऱ्याच वेळानं परत आल्या, फोन त्यांच्या हातात दिला आणि दाराशी जाऊन म्हणाल्या, "भाईजान, आमच्याकडे टीव्ही चालू असतो हं नऊला. खुर्ची रिकामी असते एक."

"मी आणि सिरीयल?" वजाहतसाहेब म्हणाले. "छे, छे. मला असल्या गोष्टींत रस नाही, आपा."

आपा दार लोटून गेल्या. आणि वजाहतसाहेब, पाठीत सणक येत असताना, दुसऱ्या दिवशी नवीन स्टूल घेऊन आले. लाकडी.

एकोणतिसाव्या रोज्याची इफ्तारी आटपून अख्खी इमारत गच्चीवर गेली. चंद्र दिसला तर उद्या ईद, नाहीतर तिसावा रोजा. मुलं पाण्याच्या टाकीवर चढलेली, सुनांच्या हातात मेंदीचे कोन तयार, हाजीसाहेब दुर्बीण घेऊन भलत्याच दिशेला बघत होते. सगळ्यांना चंद्र हवा होता. एकट्या वजाहतसाहेबांना नको होता. रोजे संपले की तहमीनाची जेवणाची सुट्टी पुन्हा जेवणाची होणार. ती कँटीनमध्ये जाणार, चारचौघांत बसणार. जावंच तिनं. पण एक दिवस आणखी मिळाला तर काय बिघडलं?

मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्याच वर्षी झालेलं. डोळा असा लख्ख की विचारू नका. समोरच्या इमारतीच्या टाकीच्या कडेला, नखाएवढा, स्पष्ट चंद्र सगळ्यांत आधी त्यांनाच दिसला.

"वजाहतमियाँ, दिसतोय का काही?" हाजीसाहेबांनी विचारलं.

"ढग आहे," वजाहतसाहेब म्हणाले.

आणि ते चंद्राच्या बरोब्बर पुढे जाऊन उभे राहिले. चंद्र दिसला तर साक्ष द्यायची असते, लपवायची नसते, हे त्यांना माहीत होतं. ईदच्या दिवशी रोजा धरणं हराम, हेही माहीत होतं. एका फोनपायी ह्या गृहस्थानं अख्ख्या देशाला पापात लोटलं असतं! पाच मिनिटांत चंद्र खाली गेला. "तीस रोजे करायचं भाग्य असेल नशिबात," ते हळूच म्हणाले आणि लोक पुन्हा एकदा त्यांच्याकडे आदरानं बघायला लागले.

पण देशात डोळे इतरांनाही होते. थोड्या वेळानं चंद्र बघायच्या सरकारी कमिटीनं जाहीर केलं, चंद्र दिसला. फटाके वाजले, खालच्या बाजारात एकच झुंबड उडाली. वजाहतसाहेब घरात येऊन बसले.

नऊ वाजता दारावर थाप पडली. बिल्किस आपा. "चला. चॅनेलवाल्यांनी शेवटचे दोन्ही भाग आजच दाखवायचे ठरवलेत, उद्या ईद ना. आज तरावीह नाही, गुडघा नाही, कबुतरं नाहीत. उठा."

उठले. थकले होते बिचारे नाही म्हणून म्हणून. समोरच्या बैठकीत सुना मेंदीचे हात पसरून बसल्या होत्या, आणि टीव्हीच्या अगदी पुढे, लोडाला टेकून, मांडीवर चण्यांची वाटी घेऊन हाजी करामत बसले होते. वजाहतसाहेबांना बघून ते दचकले.

"बी.पी.," ते पुटपुटले.

वजाहतसाहेब रिकाम्या खुर्चीत बसले. महिनाभर नुसत्या आवाजांच्या ओळखीची माणसं पहिल्यांदाच दिसत होती. शहीर बराच बुटका निघाला. आजी त्यांनी कल्पिली होती त्यापेक्षा तरुण होती. पण त्यांचे डोळे एकालाच शोधत होते. निकाह झाला, समेट झाला, सगळं घर अंगणात फोटोला उभं राहिलं, तरी ते काही दिसेनात.

"आणि ताया अब्बू?" न राहवून त्यांनी विचारलं.

"कोण ताया अब्बू?" धाकटी सून म्हणाली.

तेवढ्यात पडद्यावर शहीरनं मिन्हाचा हात हातात घेतला, आणि हाजीसाहेब जिवाच्या आकांतानं खोकायला लागले.

"हे बघा, आलं ह्यांचं," आपा पदर सावरत म्हणाल्या. "प्रेमाचं काही निघालं की ह्यांना उबळ येते. महिनाभर हेच चाललंय."

वजाहतसाहेब हाजीसाहेबांकडे बघतच राहिले. ज्या माणसाला त्यांनी गुडघा दिला, पेन्शन दिली, कोथिंबिरीची हौस दिली, तो बायको-सुनांच्या गराड्यात चणे खात बसला होता. हसावं की रडावं कळेना. वरच्या खोलीत कोणी नव्हतंच. जो होता तो ह्या खुर्चीत बसला होता, आणि हे त्यांना त्या क्षणी फार लागलं.

दहा वाजता फोन आला. बोलायचं कसं, काय सांगायचं, ह्या विचारात ते घाईघाईनं गॅलरीत गेले. "चाँद मुबारक, अब्बा! मी बाजारात आहे, फार गर्दी आहे, नंतर बोलू हं?" एवढंच. शेवट काय झाला, हेही तिनं विचारलं नाही.

ईदच्या दिवशी फोन आला. औषध, जेवण, बर्फ. बर्फ वितळला होता. दुसऱ्या दिवशी दहाला ते फोन समोर ठेवून बसले. वाजला नाही. त्यांनी तो उघडून बघितला, चार्ज होता. आपांचं शीरखुर्म्याचं भांडं धुऊन, त्यात बिस्किटं भरून ठेवली. मग झोपले.

तिसऱ्या दिवशी ते बसलेच नाहीत. बसून काय करायचं? भांडी घासत होते, तेव्हा फोन वाजला.

"जेवलात, अब्बा?"

"जेवलो. तू?"

"जेवतेय." खरोखरच ती काहीतरी चावत होती.

"कँटीनमध्ये?"

"नाही, गाडीत."

"गाडीत का? रोजे तर संपले."

"कँटीनमध्ये गोंगाट असतो. तुमचं नीट ऐकू येणार नाही. काल साहेबानं मीटिंग घातली मेल्यानं. हं, सांगा पुढे."

वजाहतसाहेबांनी ओले हात सदऱ्याला पुसले. "पुढे काय बेटा? संपली सिरीयल. शहीर आणि मिन्हाचा..."

"ते माहीत आहे मला. बघितली मी. तुम्ही पडलात, बिल्किस आपा म्हणाल्या की अगं, त्यांचा टीव्ही केव्हाच जळालाय, तेव्हापासून बघितली. सगळे भाग." ती थांबली. "त्यात ताया अब्बू नाहीत."

 पकडले गेलेले वाणी वजाहतसाहेबांनी आयुष्यभर पाहिले होते, ते काय बोलायचे ते मात्र आठवेना. "मग बोलली का नाहीस?" शेवटी ते चिडूनच म्हणाले. "आठ-दहा दिवस मी इथे त्या माणसाला जिने चढवतोय, उतरवतोय..."

"मला तीच आवडायची. तुमची. सांगा ना, ताया अब्बूंचं काय झालं?"

"ठीक आहेत" असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. औषध घेतलं, जेवले, ठीक आहेत. रोजचंच होतं ते, सोपं होतं.

"बरं नाही त्यांचं, बेटा," ते म्हणाले. "म्हणजे तब्येत चांगली आहे. पण ईदला सगळे आले, गळ्यात पडून गेले, आणि नंतर घर फार मोठं वाटायला लागलं त्यांना. दोनच खोल्या आहेत. तरी मोठं वाटतं. करमत नाही."

पलीकडचं चावणं थांबलं. "ठेवू?" असं मात्र कोणी म्हणालं नाही.

"त्यांना मुलगी आहे ना एक?" तहमीनानं विचारलं.

"आहे. लांब असते."

"मग तिला आणा की आता सिरीयलमध्ये."

"कधी?"

"सुट्टी मिळाली की. मी उद्याच अर्ज टाकते."

अर्ज! तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला अर्ज मंजूर व्हायला किती काळ जातो हे कोणी सांगायला नको. तोवर ताया अब्बूंना रोज दहा मिनिटं चालवायचं म्हणजे काम लहान नव्हतं. वजाहतसाहेब बाहेरच्या खोलीत आले, खुर्ची खिडकीशी ओढली आणि नीट मांडी घालून बसले.

"तर त्याचं काय झालं," त्यांनी घसा खाकरला, "मुलगी येणार असं कळल्याबरोबर ताया अब्बूंनी आधी वरची खोली झाडायला काढली."